पाहिले, टिपले, रचले

न्यायदर्शनाने यथार्थ ज्ञानाची चार साधने मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. ही मांडणी झाली तेव्हा छायाचित्र नव्हते. त्यामुळे ते यांपैकी कोणत्या साधनात मोडते याचा विचार करण्याचे गौतमाला किंवा वात्स्यायनाला कारण नव्हते. आपल्याला मात्र तो करणे भाग आहे. आज आपल्या जाणिवेचा फार मोठा भाग चित्रांच्या वाटेने येतो आणि ती चित्रे आपण काही न विचारता प्रत्यक्षाच्या खात्यावर जमा करतो. 'फोटो आहे' असे कोणी म्हटले की वाद मिटतो. 'फोटो कुठे आहे?' असे कोणी विचारले की सांगणारा गप्प होतो. या दोन्ही वाक्यांत एक न तपासलेला सिद्धान्त दडलेला आहे. तो तपासण्यास रात्रीच्या आकाशातील दुर्मीळ प्रकाशांच्या छायाचित्रणाइतके सोयीचे क्षेत्र नाही, असे आम्हांस वाटते. तेथे पाहणारा बहुधा एकटा असतो, दृश्य क्षणिक असते, आणि 'पुन्हा दाखवा' असे आकाशाला सांगता येत नाही.

प्रथम 'स्प्राइट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकाशाचा इतिहास पाहू. प्रचंड गडगडाटी वादळात ढगातून जमिनीवर जोरकस वीज पडते, बहुधा धन विद्युत्भार वाहून नेणारी. अशा वेळी त्या ढगाच्या कितीतरी वर, सुमारे ५० ते ९० किलोमीटर उंचीवर, तांबडा प्रकाश चमकून जातो. कधी त्याचा आकार गाजरासारखा, कधी खाली तंतू लोंबणाऱ्या जेलीफिशसारखा असतो. तेथील विरळ हवेतील नायट्रोजनामुळे त्याला तांबडा रंग येतो. त्याचे आयुष्य सेकंदाच्या हजारांश भागांत मोजावे लागते. अशा प्रकाशांविषयीचे उल्लेख एकोणिसाव्या शतकापासून सापडतात. १८८६ साली 'नेचर' या नियतकालिकात वादळी ढगाच्या माथ्यावरून वर जाणाऱ्या प्रकाशाविषयी पत्र छापले गेले होते. पुढे १९२० च्या दशकात सी. टी. आर. विल्सन या स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञाने गणिताच्या आधारे दाखविले की, वादळाच्या वरच्या विरळ हवेत विद्युत्-विसर्जन होणे शक्य आहे. विल्सन हे काही साधे नाव नव्हे. १९२७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे पाहणारे होते आणि अनुमानाचा आधारही होता. तरीही सहासात दशके या प्रकाशाला विज्ञानाच्या दिवाणखान्यात आसन मिळाले नाही. रात्री वादळाच्या कडेने विमान नेणाऱ्या वैमानिकांना तो दिसे. परंतु आपल्या डोळ्यांविषयी किंवा डोक्याविषयी शंका घेतली जाईल या भयाने पुष्कळजण त्याची वाच्यता करीत नसत.

६ जुलै १९८९ रोजी हे चित्र पालटले, आणि तेही योगायोगाने. मिनेसोटा विद्यापीठातील जॉन विंकलर आणि त्यांचे सहकारी रॉकेटवरून पाठवावयाचा, अत्यंत मंद प्रकाश टिपणारा एक कॅमेरा तपासून पाहत होते. त्या ध्वनिचित्रफितीवर दूरच्या वादळाच्या माथ्यावर उमटलेले प्रकाशाचे दोन उंच स्तंभ सापडले. क्षणार्धाचेच दृश्य, परंतु पुढच्या वर्षी 'सायन्स'मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि एका शतकाची शंका विरघळून गेली. त्याच सुमारास, १९८९ मध्येच, ओथा व्हॉन आणि बर्नार्ड व्हॉनेगट यांनी वैमानिकांनी सांगितलेल्या अशा दर्शनांचे संकलन प्रसिद्ध केले होते. आता त्या सर्व जुन्या साक्षी एकदम विश्वासार्ह झाल्या. १९९४ साली विमानातून घेतलेल्या रंगीत चित्रांत त्यांचा तांबडा रंग स्पष्ट दिसला, आणि अलास्का विद्यापीठाच्या डेव्हिस सेंटमन यांनी त्यांना पऱ्या-यक्षांच्या दुनियेतले हे चपळ नाव दिले.

ही कथा बहुधा छायाचित्राच्या विजयाची कथा म्हणून सांगितली जाते. आम्हांस तिच्यात एक अन्यायही दिसतो. वैमानिकांनी पाहिले ते १९८९ पूर्वीही तितकेच खरे होते. फितीने त्यात सत्याची भर घातली नाही. आपण त्यांचे ऐकण्यास तयार झालो, एवढाच फरक पडला. मग इतकी वर्षे न ऐकण्याचे कारण काय होते? वैमानिक हा काही भाबडा साक्षी नव्हे. आकाश वाचणे हा त्याचा व्यवसाय, शेकडो प्रवाशांचा जीव त्याच्या डोळ्यांवर विसंबलेला. ज्याच्या नजरेवर आपण जीव सोपवितो त्याच नजरेच्या साक्षीवर मात्र विश्वास ठेवीत नाही, ही विसंगती नैतिक स्वरूपाची आहे.

यावर पूर्वपक्ष असा उभा राहील : माणूस भितो, थकतो, ऐकीव गोष्टींचा रंग पाहिलेल्या गोष्टींना लावतो. कॅमेऱ्याला भय नाही, पूर्वग्रह नाही, स्मृतीचा घोटाळा नाही. म्हणून त्याची साक्ष माणसाच्या साक्षीहून श्रेष्ठ. किंबहुना तीच खरी प्रत्यक्ष. हा पक्ष दिसतो तितका बळकट नाही. कॅमेऱ्याला पूर्वग्रह नाही हे खरे, पण त्याला बोधही नाही. त्याच्या पडद्यावर स्प्राइट उमटतो, तसेच भिंगात परतलेले रस्त्यावरील दिव्याचे प्रतिबिंब उमटते, अवकाशातून आलेल्या एखाद्या कणाचा ठिपका उमटतो, जवळून उडालेला कीटकही उमटतो. यांतले काय आकाशाचे आणि काय यंत्राचे, हे यंत्र सांगत नाही. मिनेसोटातील त्या फितीवरचे स्तंभ दोष समजून पुसून टाकणे सहज शक्य होते. ते तसे केले गेले नाही; तपासले गेले, वादळाच्या जागेशी पडताळले गेले आणि कोठे, केव्हा, कोणत्या साधनाने मिळाले या तपशिलासह जगापुढे ठेवले गेले. या तपासाने आणि या सांगण्याने ती चमक साक्ष ठरली.

म्हणून आमचे प्रतिपादन असे की, दुसऱ्याने काढलेले छायाचित्र हे पाहणाऱ्याच्या दृष्टीने प्रत्यक्ष प्रमाण नव्हे; ते शब्दप्रमाण आहे. चित्राकडे पाहताना आपल्या इंद्रियाचा संबंध कागदाशी किंवा पडद्याशी येतो, आकाशाशी येत नाही. आकाशाविषयी जे कळते ते कोणीतरी 'हे अमुक रात्री, अमुक दिशेस, अमुक रीतीने मिळाले' असे सांगितले आहे म्हणून कळते. आणि शब्दप्रमाण म्हटले की आप्ताची चौकशी आली. वात्स्यायनाने केलेले आप्ताचे लक्षण आजही उपयोगी पडण्यासारखे आहे. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि ती जशी जाणली तशीच दुसऱ्यास कळावी या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. या लक्षणास दोन पाय आहेत : जाणणे आणि जसेच्या तसे सांगण्याची इच्छा. पुढे भाष्यकार असेही म्हणतो की, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे. आप्तपण कुळावर, पदवीवर किंवा धर्मावर अवलंबून नाही. ते जाणण्यावर आणि सचोटीवर अवलंबून आहे. वैमानिकांची उपेक्षा करणाऱ्या विसाव्या शतकाने हे वाक्य वाचायला हवे होते.

कायद्यानेही वेगळ्या वाटेने हेच ओळखले आहे, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमानुसार, आणि त्यापूर्वीच्या जुन्या कायद्याच्या ६५-ब कलमानुसारही, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून दाखल करताना तिच्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. ती कशी तयार झाली हे सांगून एखाद्या जबाबदार माणसाने त्यावर सही करावी लागते. चित्र कितीही स्पष्ट असो, त्याच्या पाठीशी माणसाचा शब्द हवाच.

आता दुसरा आक्षेप येईल. छायाचित्र जर शेवटी कोणाचा तरी शब्दच असेल, तर खऱ्या-खोट्याचा निवाडा करावा कसा? प्रत्येकाचा शब्द सारखाच का मानू नये? याचे उत्तर या क्षेत्रातील थोर छायाचित्रकारांनी आपल्या कृतीने देऊन ठेवले आहे. १८८५ च्या उन्हाळ्यात युरोपातील निरीक्षकांना सूर्यास्तानंतर कितीतरी वेळाने उत्तर क्षितिजावर रुपेरी निळसर चमकणारे विलक्षण ढग दिसू लागले. बर्लिनच्या ओट्टो येस्से यांनी १८८७ पासून त्यांची छायाचित्रे घेतली. परंतु एका चित्रावर ते थांबले नाहीत. एकाच क्षणी निरनिराळ्या ठिकाणांहून त्याच ढगांची छायाचित्रे घेण्याची त्यांनी व्यवस्था केली. दोन चित्रांतील जागेच्या फरकावरून उंची काढली, ती सुमारे ८२ किलोमीटर आली. आजच्या मोजमापांशी ती इतकी जुळते की विस्मय वाटावा. पुढे नॉर्वेचे गणितज्ञ कार्ल स्टर्मर यांनी १९१० पासून ध्रुवीय प्रकाशासाठी हीच रीत पत्करली. दूरदूरची ठाणी दूरध्वनीने जोडायची, ठरल्या क्षणी सर्वांनी एकदम चित्र घ्यायचे, आणि प्रत्येक चित्रात पाठीमागचे तारे आले पाहिजेत असा दंडक. ताऱ्यांच्या संदर्भाने प्रकाश किती सरकला हे मोजले की उंची मिळते. स्टर्मर यांच्या चरित्रात एक गमतीची नोंद आहे. विद्यार्थिदशेत, १८९० च्या दशकात, त्यांनी सदऱ्याआड कॅमेरा लपवून राजधानीच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांची नकळत छायाचित्रे घेतली होती. त्यांत नाटककार इब्सेनही आहेत. लोकांना चोरून टिपणारा तो तरुण पुढे आकाश टिपताना मात्र आपली प्रत्येक हालचाल दुसऱ्या साक्षीदाराच्या तपासणीस मोकळी ठेवू लागला.

तारे हे साक्षीदार आहेत, याचे अलीकडचे उदाहरण तर आपल्या उंबरठ्यावरचे आहे. १९ मे २०२२ च्या रात्री हिमालयाच्या पलीकडे, तिबेटच्या पठारावरील एका सरोवराकाठून दोन चिनी छायाचित्रकारांनी दक्षिणेकडील वादळावर नाचणारे शंभराहून अधिक स्प्राइट टिपले. ते वादळ गंगेच्या मैदानापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पसरलेले होते. म्हणजे खाली, आपल्या देशात, लोक खिडक्या लावून घेत होते आणि त्यांच्या डोक्यावर हा तांबडा उत्सव चालला होता. तो पाहण्यास पर्वतापलीकडे उभे राहावे लागले. ही चित्रे विज्ञानाच्या उपयोगी पडावयाची तर कोणता स्प्राइट कोणत्या विजेमुळे उद्भवला हे कळायला हवे, आणि त्यासाठी क्षण अचूक हवा. साध्या कॅमेऱ्याचे घड्याळ तितके विश्वसनीय नसते. संशोधकांनी चित्रांतील ताऱ्यांच्या जागा आणि त्या वेळी आकाशातून सरकत गेलेले कृत्रिम उपग्रह यांच्या आधारे वेळ निश्चित केली, आणि सुमारे ७० टक्के स्प्राइटांच्या मूळ विजा शोधून काढल्या. २०२५ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्या दोघांनी चित्र अधिक देखणे व्हावे म्हणून पाठीमागचे आकाश बदलले असते, उपग्रहाची 'नको असलेली' रेघ पुसली असती, तर हे घडले नसते. त्यांना त्या रेघेचा पुढे काय उपयोग होईल हे टिपताना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. जे होते ते राहू दिले, एवढेच. सचोटीचे फळ बहुधा असे नंतर आणि दुसऱ्याच्याच हाती येते.

येथे आम्हांस तीन क्रियापदांचा भेद सुचवावासा वाटतो, कारण या क्षेत्रातील बहुतेक असत्य क्रियापदात दडते. ती क्रियापदे अशी : पाहिले, टिपले, रचले.

१० मे २०२४ च्या रात्री, गेल्या दोन दशकांतील सर्वांत तीव्र सौर वादळाच्या वेळी, लडाखमधील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावर पसरलेली तांबडी आभा टिपली. ती चित्रे देशभर पाहिली गेली. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची ही वेधशाळा सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर, अतिशय काळोख्या आकाशाखाली आहे. तरीही तेथे उभ्या असलेल्या माणसाला चित्रासारखा लालभडक पडदा दिसला असता असे मानणे चूक होईल. दोनशे किलोमीटरहून अधिक उंचीवरील ऑक्सिजनाच्या अणूंचा हा तांबडा प्रकाश मंद होता, आणि काळोखात काम करणाऱ्या आपल्या डोळ्यांतील पेशी तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या असतात. कॅमेरा कित्येक सेकंद डोळा उघडा ठेवून थेंब थेंब प्रकाश साठवितो. माणसाच्या डोळ्याला तशी साठवण करता येत नाही. मग ते चित्र खोटे काय? मुळीच नाही. तो प्रकाश खरोखर आलेला होता. पण तेथून परतलेल्या एखाद्याने ते चित्र दाखवून 'आम्ही हे पाहिले' असे म्हटले, तर चित्र खरे राहून वाक्य खोटे ठरते. 'आम्ही हे टिपले' म्हटले की दोन्ही खरी.

याच्या उलट प्रकारही घडतो. ध्रुवीय प्रदेशातच नव्हे, तर पृथ्वीवर सर्वत्र, प्रत्येक रात्री, वरच्या वातावरणाची स्वतःची एक अतिशय मंद दीप्ती असते. दिवसा सूर्याने दिलेली ऊर्जा तेथील अणुरेणू रात्री हळूहळू परत करीत असतात. सुमारे ९५ ते १०० किलोमीटर उंचीवर तिचा एक हिरवा थर आहे. बेळगावकरांच्या शेजारी, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातून, संपूर्ण आकाश एका चकतीत टिपणाऱ्या कॅमेऱ्याने या दीप्तीची निरीक्षणे झालेली आहेत. तिच्यातून सरकणाऱ्या काळ्या पट्ट्यांवरून आयनांबरातील खळबळ कळते. म्हणजे आपल्या कौलांवर रोज रात्री हिरवट तांबूस लाटा वाहत असतात आणि आपणांस त्यांची वार्ता नसते. एखादा प्रामाणिक छायाचित्रकार काळोख्या घाटमाथ्यावरून हिरवट लाटांचे चित्र घेऊन येतो तेव्हा लोक हसून म्हणतात, 'रंग चढविलेले दिसतात'. खऱ्याला बनावट ठरविणे हेही असत्यच. बनावटीच्या सुळसुळाटाचे हे दुसरे, कमी चर्चिले जाणारे नुकसान : ती खोट्यावर विश्वास ठेवायला शिकविते त्याहून अधिक, खऱ्यावर अविश्वास ठेवायला शिकविते.

तिसरे क्रियापद 'रचले'. संध्याकाळी घेतलेला डोंगर, मध्यरात्री घेतलेले आकाश, दोन तासांतल्या पन्नास विजा एकाच चौकटीत; असे चित्र रचण्यात कलेच्या दृष्टीने काही वावगे नाही. चित्रकाराने शतकानुशतके हेच केले आहे आणि आपण त्याला लबाड म्हटले नाही. परंतु चित्रकाराने 'हे असे घडले' असा दावा केला नव्हता. दोष रचण्यात नाही. रचलेले टिपले म्हणून किंवा पाहिले म्हणून खपविण्यात आहे. आज तर संगणकाला चार ओळी सांगितल्या की कोणीही न पाहिलेले, कोणत्याही भिंगाने न टिपलेले आकाश तयार मिळते. अशा काळी चित्राखालची ओळ ही चित्राइतकीच, क्वचित अधिक, महत्त्वाची झाली आहे. जागा, दिनांक, वेळ, दिशा, कॅमेरा किती सेकंद उघडा होता, नंतर काय केले : एवढ्या सहा गोष्टी ज्याने लिहिल्या त्याने आप्ताच्या लक्षणाचा दुसरा पाय पुरा केला. ज्याने त्या लपविल्या त्याचे चित्र कितीही सुंदर असो, ते पाहून सुखावे. पण त्याच्यावरून आकाशाविषयी काही मानू नये.

येथे एक सूक्ष्म गोष्ट निसटू देता कामा नये. नाव चुकले म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात ध्रुवीय प्रकाशाचा पाठलाग करणारी हौशी मंडळी आहेत. त्यांनी वर्षानुवर्षे एक जांभळट, अरुंद, पूर्वपश्चिम पसरलेली प्रकाशाची रेघ टिपली होती आणि तिला ते 'प्रोटॉन कंस' म्हणत. २०१६ साली कॅलगरी विद्यापीठाचे एरिक डोनोव्हन यांनी त्यांना सांगितले की, प्रोटॉनांमुळे होणारा प्रकाश डोळ्यांना असा दिसत नाही. हे काहीतरी निराळेच आहे. मग नाव काय द्यावे? एका व्यंगपटात प्राणी समोर आलेल्या अनोळखी कुंपणाला 'स्टीव्ह' म्हणतात, तेच नाव मंडळींनी दिले. किती शहाणपणाचे! जे कळले नाही त्याला कळल्याचा आव आणणारे नाव दिले नाही. त्यांच्या चित्रांवर दिनांक, वेळ आणि स्थळ होते, म्हणूनच युरोपीय 'स्वार्म' उपग्रहांच्या नोंदींशी ती पडताळता आली. सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर, २५ किलोमीटर रुंदीच्या त्या पट्ट्यात तापमान ३००० अंश सेल्सिअसने चढलेले होते आणि वायू सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने पश्चिमेकडे धावत होता. २०१८ च्या शोधनिबंधात त्या हौशी मंडळींपैकी काहींची नावे सहलेखक म्हणून आहेत. नैयायिक म्हणतात की, प्रत्यक्षात वस्तूचे भान आधी येते आणि नाव मागाहून जोडले जाते. हौशी मंडळींचे नाव चुकले होते; भान चुकले नव्हते.

आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचे तर २ एप्रिल २०२२ चे घ्यावे. त्या दिवशी गुढीपाडवा होता. संध्याकाळी विदर्भ-खानदेशापासून इंदूरच्या परिसरापर्यंत हजारो लोकांनी आकाशातून सावकाश सरकणाऱ्या, मागे ठिणग्यांची रांग ओढणाऱ्या ज्वाला पाहिल्या आणि मोबाइलवर टिपल्या. कोणी उल्कापात म्हटले, कोणी विमान पेटले म्हटले, कोणी त्याहून भयंकर काही. ते एका चिनी रॉकेटचे वातावरणात शिरून जळणारे अवशेष असल्याचे तज्ज्ञांनी मार्ग आणि वेळ जुळवून सांगितले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडेही पडले होते. नावे चुकलेली, पण साक्ष शंभर नंबरी. याच न्यायाने जुन्या घरांतील एक आठवण पाहावी. १९१० साली हॅलेचा धूमकेतू पाहिल्याचे सांगणारे आजे-पणजे पुष्कळ घरांत होऊन गेले. त्याच वर्षी जानेवारीत हॅलेहून तेजस्वी असा दुसरा एक धूमकेतू दिवसाउजेडीही दिसला होता, आणि अनेकांच्या स्मरणात तोच हॅले म्हणून राहिला, असे खगोलाभ्यासक सांगतात. म्हणून पणजोबांना खोटे म्हणायचे काय? त्यांनी धूमकेतू पाहिला होता. नावाचा हिशेब आपण करावा.

छायाचित्रकाराचे कर्तव्य झाले, आता ऐकणाऱ्याचे. ४ फेब्रुवारी १८७२, रविवार, या दिवशी मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला. विषुववृत्तापासून अवघ्या एकोणीस अंशांवरील शहरात ध्रुवीय प्रकाश, हे ऐकताच कोणीही मान हलवील. छायाचित्र नाही, त्या काळच्या काचांवर तसला मंद प्रकाश उमटणेही अशक्य होते. ध्रुवीय प्रकाशाचे पहिले छायाचित्र त्यानंतर वीस वर्षांनी, १८९२ साली, उत्तर नॉर्वेत मार्टिन ब्रेंडेल यांनी घेतले. मुंबईच्या प्रकाशाची साक्ष आहे ती वृत्तपत्रातील काही ओळींची : सूर्यास्तानंतर रंग पालटत राहिलेली आभा, पहाटेपर्यंत टिकलेली. परंतु त्याच रात्री कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकसूच्या अस्वस्थ झाल्या होत्या आणि त्यांची नोंद शिल्लक आहे. समुद्राखालच्या तारायंत्रातही व्यत्यय आल्याचे वृत्त होते. सुईने आकाश पाहिले नव्हते आणि वार्ताहराला सुईची खबर नव्हती. दोघांनी आपापले सांगितले, आणि दीडशे वर्षांनी अभ्यासकांनी ती दोन्ही सांगणी जुळविली. कुलाब्याची ही परंपरा पुढे शहरात विजेच्या ट्राम येऊ घातल्या म्हणून १९०४ साली अलिबागला नेण्यात आली, हेही लक्षात घेण्यासारखे. नोंद निर्मळ राहावी म्हणून एक अख्खी वेधशाळा खाडीपलीकडे हलविणाऱ्यांना सचोटीचा अर्थ कळला होता.

म्हणून, 'फोटो कुठे आहे?' हा प्रश्न विचारण्यापूर्वी आणखी तीन प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवितो. सांगणाऱ्याला ते पाहण्याची संधी होती काय? जसे पाहिले तसे सांगण्यावाचून त्याला दुसरा काही लाभ होता काय? आणि त्याच्या सांगण्यात पडताळून पाहता येईल असा धागा, म्हणजे दिवस, दिशा, वेळ, आहे काय? उत्तरे समाधानकारक असतील तर चित्र नसले तरी साक्ष नोंदवून ठेवावी. मानलीच पाहिजे असे नाही. पण फेकून देऊ नये. मानणे आणि फेकणे यांच्या मध्ये 'जपून ठेवणे' नावाची एक सभ्य जागा आहे. वैमानिकांच्या वाट्याला ती जागा फार उशिरा आली.

या विषयातील सर्वांत हृद्य साक्ष २००३ सालची आहे. त्या जानेवारीत 'कोलंबिया' या अंतराळयानातून इस्रायली अंतराळवीर इलान रामोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वादळांवरील प्रकाशांचे चित्रण केले. कर्नालची कल्पना चावला त्याच यानात होती. १ फेब्रुवारीला परततांना यान वातावरणात भंगले आणि सातही जण गेले. जी चित्रे त्याआधीच पृथ्वीवर पाठविली गेली होती ती उरली. त्यांच्या अभ्यासातून स्प्राइट तर मिळालेच; शिवाय हिंदी महासागरावर टिपलेली, वादळाशी स्पष्ट संबंध न लागणारी एक तांबडी चमकही मागाहून सापडली. टिपणारे आता काही विचारायला उरले नव्हते. तरी त्यांचा शब्द प्रमाण मानला गेला, कारण तो काळ-स्थळाच्या नोंदीसह निष्ठेने ठेवलेला होता. शब्दप्रमाणाचे सामर्थ्य ते हेच : बोलणारा गेल्यावरही ते बोलत राहते.

मराठी मुलखापासून दूर पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या घरांना हे वेगळे सांगायला नको. आपले बरेचसे पूर्ववृत्त छायाचित्रांवाचूनच आपल्यापर्यंत आले. कोण केव्हा कोणत्या गावाहून आले, कोणाबरोबर आले, वाटेत काय पाहिले, हे सारे कोणीतरी सांगितले आणि कोणीतरी जपले. जेथे साल आणि गाव लिहून ठेवले गेले तेथे ते आज दप्तरांशी जुळते. जेथे सजावट झाली तेथे ते आख्यायिकेत विरले. आकाशाचेही तसेच आहे. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि पावसाळ्याच्या तोंडाला दूरच्या वादळाकडे पाहत गच्चीवर उभे राहण्यास कोणाची परवानगी लागत नाही. काही दिसले तर दिसले म्हणावे, टिपले तर टिपले म्हणावे, रचले तर रचले म्हणावे. खाली दिनांक आणि वेळ घालावी, आणि नाव ठाऊक नसेल तर ती जागा निःसंकोच मोकळी सोडावी. ती भरणारा कोणीतरी पुढे येईल. त्याला आपले नाव कळण्याची गरज नाही. आपली नोंद मात्र खरी असल्याची त्याला गरज आहे.